हळदीचा डाग

पिंपळनेर
१२ नोव्हेंबर १९८३

प्रिय शालिग्राम,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, कारण आमच्या शाळेची तपासणी होती. साहेब आले, शेवभाजी खाऊन तृप्त झाले आणि निघून गेले. शाळा कशी चालली आहे हे विचारायचं त्यांच्या ध्यानातच राहिलं नाही.

तू पुण्याच्या प्रयोगशाळेतून आपल्या साक्री तालुक्यात तान्ह्या पोरांच्या छातीच्या आजारावर संशोधन करायला येणार, हे मी आईला वाचून दाखवलं. तिने एकच विचारलं, "जेवाले आठेच ई ना?" मी म्हटलं, येईल. तेव्हापासून ती खापर काढून बसली आहे. मांडे करायचे तर आधी खापर तापायला शिकलं पाहिजे म्हणते.

तुझ्या फुईचं, म्हणजे आमच्या आईचं, नाव हल्ली पार पश्चिमेच्या पाड्यांपर्यंत पोचलं आहे. कुणाच्या पोराला धाप लागली, पोट आत ओढायला लागलं, दूध सुटलं की ती बाई थेट आमच्या ओट्यावर. आपण त्याला डबा म्हणतो. तुमच्या पुस्तकात काय म्हणतात ते तू जाण. आई आधी पोराकडे बघते आणि मग दर वेळी तुझी गोष्ट सांगते. मला ती पाठ झाली आहे. "हाऊ मन्हा भाऊना पोर्‍या. माय मरी गयी, भाऊनी मन्हा पदरमा टाका. भिकनसंगे याले बी मीच दूध पाजं. पहिलाच हिवाळामा याले डबा झाया. मी पोटवर हळकुंडना डाग दिधा. आते पुनाले मोठा डॉक्टर शे." एवढं ऐकल्यावर बायांचा जीव भांड्यात पडतो. मग आई हळकुंड पेटवते आणि मी छडी शोधायच्या निमित्ताने घराबाहेर जातो.

कधी येतोस ते कळव. थंडी पडली आहे. मफलर घालत जा, असं आई सांगते आहे, आणि मी लिहिलं की नाही ते डोकावून बघते आहे. वाचता येत नाही तरी बघते.

तुझा
भिकन


पुणे
३ डिसेंबर १९८३

प्रिय भिकन,

तुझं पत्र हातात आलं आणि प्रयोगशाळेत मला मांड्यांचा वास आला. इथे खरं तर दुसराच वास असतो. आम्ही मेंढीच्या रक्ताच्या थाळ्यांवर पोरांच्या घशातले जंतू वाढवतो. त्या थाळ्या ठेवायची एक पेटी आहे. तिची ऊब अगदी माणसाच्या अंगाइतकी असते. हिवाळ्यात काम संपलं की मी उगाच तिच्यावर हात टेकून उभा राहतो. मग मला पांझरेचा काठ आठवतो आणि पाण्यात कोण आधी उतरणार यावरून आपण केलेली भांडणं आठवतात. दर वेळी तूच आधी उतरायचास आणि मार मात्र दोघांना पडायचा.

आता पुढचं फुईला वाचून दाखवू नकोस.

डबा म्हणजे फुप्फुसाला झालेला जंतुसंसर्ग, न्युमोनिया. वेळेत औषध मिळालं तर बहुतेक पोरं वाचतात. आपल्याकडे ती मरतात, कारण आधी डाग, मग वाट बघणं आणि मग दवाखाना, असा क्रम आहे. धुळ्याच्या रुग्णालयात मी पोटावर ताज्या जखमा असलेली पोरं पाहिली. आधीच श्वास पुरत नाही, त्यात हे दुखणं. त्यातल्या काहींना नळी लावायलासुद्धा वेळ मिळाला नाही.

मी पंधरा वर्षं हा विषय करतो आहे आणि त्याचं मूळ माझ्याच घरात आहे, हे मी इथे कुणाला सांगितलेलं नाही. काखेत कळसा अशी माझी गत. जानेवारीत येतो आहे. आठवडे बाजाराच्या दिवशी चौकात सभा लाव. स्पष्टच बोलणार आहे. एकदा सगळ्यांसमोर बोललो की फुईलाही कळेल, तिला एकटीला गाठून सांगावं लागणार नाही.

शालिग्राम


पिंपळनेर
२० जानेवारी १९८४

शालिग्राम,

तू जीपमध्ये बसून गेलास. त्यानंतर इथे काय झालं ते लिहितो.

सभेला आई सर्वांत पुढे बसली होती. लग्नकार्याला नेसायचं हिरवं लुगडं तिने मुद्दाम काढलं होतं. तू चौकात आपलं नाव घेशील, असं तिने चार घरी सांगून ठेवलं होतं. तू नाव घेतलं नाहीस ही तुझी मेहेरबानी. पण "डाग देणारे हात पोरांचा जीव घेतात," हे वाक्य तू हात वर करून बोललास, आणि चौकातली प्रत्येक बाई तुझ्याकडे बघायचं सोडून आईकडे बघायला लागली.

मग सुगंधाबाई उठली. कांद्याच्या वाफ्यात पाणी धरावं तितक्या शांतपणे तिने विचारलं, "डॉक्टरभाऊ, डाग दिधा तरी पोर वाचस नही, आसं तू म्हनस. मंग सदरा वर कर, तुन्हा पोटवर काय शे ते दखाड." लोक हसले. तू लाल झालास. लहानपणी पांझरेत उघड्याने पोहलेल्या माणसाने गावात पोट लपवू नये, एवढंही तुला पुण्याने शिकवलं नाही. तुझ्या विरुद्धचा सर्वांत मोठा पुरावा तू स्वतःच्याच सदऱ्याखाली घेऊन आला होतास.

आई घरी आली. लुगडं घडी करून ठेवलं. मांड्यांचं पुरण शिजून तयार होतं, ते तिने शेजारी वाटून टाकलं. संध्याकाळी विचारलं, "भिकन, तो माले पोरे मारनारी म्हनना का रे?" मी म्हटलं, तो तुला नाही म्हणाला, बाकीच्यांना म्हणाला. आयुष्यभर पोरांना खरं बोला म्हणून शिकवलं आणि स्वतःच्या आईशी खोटं बोललो. तेही तिला कळलं.

तुझं खरं असेल. पण असं खरं सांगायला जीप लागत नाही. ओट्यावर बसून सांगता येतं.

भिकन


पुणे
९ मार्च १९८४

प्रिय भिकन,

तुझ्या पत्राला उत्तर लिहायला तीनदा बसलो आणि तीनदा उठलो.

मला राग आला होता. सुगंधाबाईचा नाही, माझ्याच पोटाचा. तिला उत्तर होतं, पण ते चौकात सुचलं नाही. डाग दिलेली जी पोरं जगली ती मोठी होऊन ओट्यावर साक्षीला बसतात. जी गेली ती साक्षीला येत नाहीत. मी जगलो म्हणून फुई माझी गोष्ट सांगते. त्याच हिवाळ्यात त्याच गावात डाग देऊन गेलेल्या पोरांची गोष्ट कोण सांगणार?

हे बरोबर आहे आणि तरीही हे मी फुईला कसं सांगू, ते मला कळत नाही. मला वाचवणारा म्हणून ती ज्या हाताकडे बघते तोच हात मी चौकात आरोपी म्हणून उभा केला. पण खोटं बोलता येत नाही रे. गेल्या आठवड्यात धुळ्याहून एका पोराचा नमुना आला. पेटीत थाळी ठेवली आणि दुसऱ्या दिवशी जंतू वाढलेले दिसले, तोवर पोर गेलं होतं. औषध कुठलं चालेल हे मला कळलं, पण ते द्यायला पोर राहिलं नव्हतं.

फुई काय करते? माझं नाव काढते का?

शालिग्राम


पिंपळनेर
२२ ऑक्टोबर १९८५

शालिग्राम,

दीड वर्ष मी तुला नुसती पोस्टकार्डं टाकली, सर्व ठीक म्हणून. सर्व ठीक नव्हतं. आईने लिहू नको म्हणून शपथ घातली होती. आज मोडतो आहे.

तू गेल्यापासून तिने एकाही पोराला डाग दिलेला नाही. तू म्हणशील, मग चांगलंच झालं. थांब. बायांचं येणं बंद झालं नाही, त्यांनी फक्त वाट बदलली. आता त्या डोंगराकडच्या पाड्यावर चुडामण भगताकडे जातात. आई हळकुंड टेकवायची, तो विळा तापवतो. तिकडे जायला दिवस मोडतो, यायला दिवस मोडतो. तुझा दवाखाना होता तिथेच आहे, सगळ्यांच्या शेवटी.

परवा आमच्याच गल्लीतली उखर्डूची नात गेली. तिकडूनच आणत होते, वाटेत गेली. पूर्वी अशी पोरं आधी आईच्या मांडीवर यायची. यावेळी ते लोक आमच्या ओट्यासमोरून मान खाली घालून गेले. आई दारात उभी होती. मला म्हणाली, "मन्हाकडे आनं व्हतं तर वाचनं असतं. आते मन्हा हात काय कामना?"

तिला अजून वाटतं, डाग दिला असता तर पोर जगलं असतं आणि तू तिला तो देऊ दिला नाहीस. करायला गेलास गणपती आणि झाला मारुती. आता यातून मार्ग काढ. तू संशोधक ना?

भिकन


पुणे
१ डिसेंबर १९८५

तीर्थरूप फुई,

तुझ्या पायांवर डोकं. हे पत्र भिकन तुला वाचून दाखवेल. यातलं एक अक्षरही त्याने गाळायचं नाही.

मी सभेत बोललो त्याने तुला लागलं. गल्लीतल्या पोरीचंही कळलं. मला वाईट वाटतं फुई, आणि हे तुझ्या समोर बसून सांगायला हवं होतं.

आज एक मागणं आहे. मी गावोगाव घरात जातो आणि प्रत्येक आईला विचारतो, पोर आजारी पडलं तेव्हा पहिल्यांदा काय दिसलं, मग काय केलं, मग काय झालं. शेकडो आयांना विचारलं. मला जिने वाढवलं तिला मात्र कधी विचारलं नाही. मला डबा झाला त्या हिवाळ्याचं सगळं सांग. नुसत्या डागाचं नको. डागाच्या आधीचं आणि डागाच्या नंतरचंसुद्धा.

तुझा
शालिग्राम


पिंपळनेर
४ जानेवारी १९८६

शालिग्राम,

आईने तुझं पत्र ऐकलं त्याला तीन दिवस झाले. आज भाकरी टाकता टाकता म्हणाली, लिही. तिच्याच शब्दांत लिहितो. हसू नकोस आणि शुद्धलेखन काढू नकोस.

"शालिग्राम, मन्हा राजा, तू इचारं म्हनीसन सांगस. तवय थंडी गह्यरी व्हती. तू दूध वढे नही. छाती धपधप करे, पोट मजार जाये. मी समजनू, डबा शे. तुन्हा फुवा म्हने, भाऊना पोर्‍या शे, आपलाकडे मरना तर काय तोंड दखाडवूत. मी हळकुंड पेटाडं, डाग दिधा. तू रडीरडीसन घर डोकावर लिधं.

मंग तुले आडवा टाका का तुन्हा दम कोंडाये. म्हनीसन खांदावर उभा धरा. चूलना धूर तुले सोसे नही, म्हनीसन गोठामा जाईसन गायनी उबले बठनू. दूध वढानी तुले ताकद नव्हती. बोंडलंमा दूध पिळं आनि टीपटीप पाजं. एक टीप गिये, मंग दुसरी. भिकन भूकना रडे. त्याले म्हनू, तू दांडगा शे, थांब जराक. कितला दिन गये ते माले म्हाईत नही. एक दिन तू सोताच दूध वढं. तवय मी रडनू. आसं झायं. आते तुन्हा पुस्तकमा लिखी ले."

दूध पाजायचं ते बोंडलं अजून आहे, फडताळात. तोटी झिजली आहे. आईने ते काढून पुसून ठेवलं. आणि तुझ्यामुळे मी उपाशी रडलो, हे मला आज बेचाळिसाव्या वर्षी कळलं. याचा हिशेब तू आलास की बघू.

भिकन


पुणे
१९ जानेवारी १९८६

तीर्थरूप फुई,

भिकनने तुझं सांगणं जसंच्या तसं लिहून पाठवलं. मी ते वाचलं आणि प्रयोगशाळेत जाऊन त्या उबेच्या पेटीवर हात ठेवून उभा राहिलो. एवढी वर्षं मला कळत नव्हतं, ही ऊब मला का आवडते. आज कळलं, ती गोठ्यातल्या गाईची आहे.

फुई, मी तुझ्याशी खोटं बोलणार नाही. डागाने काही झालं नाही. डाग म्हणजे एका क्षणाचं काम, तो तू सगळ्या पोरांना दिलास. त्यातली काही वाचली, काही गेली. मला मात्र तू नंतर धरून बसलीस. उभं धरलंस म्हणून श्वास घेता आला. धुरातून काढलंस. ऊब दिलीस. बोंडल्याने थेंब थेंब पाजलंस म्हणून अंगात पाणी राहिलं. आज मोठ्या रुग्णालयात नर्स जे करतात ते तू गोठ्यात बसून केलंस. त्या वेळी गावात औषध नव्हतं. होती ती फक्त तू. मला हळकुंडाने वाचवलं नाही फुई, तू वाचवलंस. एवढीच एक दुरुस्ती मला त्या गोष्टीत करायची आहे.

आता औषध आहे. ते पिंपळनेरच्या दवाखान्यात मिळतं. पण आयांना दवाखान्याच्या आधी तुझा ओटा आठवतो, आणि डबा ओळखायला तुला माझ्या थाळ्या लागत नाहीत. ती पोरं माझ्यापर्यंत वेळेत कशी येतील, ते मला कळत नाही. माझं सांगून झालं. त्यांनी माझं पोट बघायला मागितलं. तुझं त्या ऐकतील.

तुझा
शालिग्राम


पिंपळनेर
११ डिसेंबर १९८६

प्रिय शालिग्राम,

गोष्ट मजेची आहे आणि घाईचीही, म्हणून लगेच लिहितो.

तुझं ते पत्र आईने माझ्याकडून कितीदा वाचून घेतलं याची गणतीच नाही. "तू वाचवलंस," इथे आलं की बोट वर करायची, म्हणजे थांब. मला वाटलं विषय मिटला.

परवा भटूची सून पोर घेऊन आली. डबाच होता. बाई म्हणाली, "भागामाय, चुडामणकडे जावानी ताकद नही. तूच डाग दे." आई आत गेली. मला वाटलं, आता हळकुंड पेटणार. पण ती हळकुंड घेऊन आली ती सहाणेवर उगाळलेलं. बोट बुडवलं आणि पोराच्या पोटावर दोन पिवळे पट्टे ओढले. ओठ हलवून काहीतरी पुटपुटली. मग अशा आवाजात म्हणाली की मीसुद्धा उठून उभा राहिलो: "डाग दिधा. पन हाऊ थंडा डाग शे. हाऊ आजच्या आज दवाखानाना डॉक्टरले दखाडना पडस, नहीतर लागू व्हस नही. आनि वाटमा पोर आडवं धरू नको."

ती बाई पळत दवाखान्यात गेली. मी आईला विचारलं, हा नियम कुणी केला? म्हणाली, "मी कया. डाग बी मन्हाच शे ना."

आता घाईचं. दवाखान्यातल्या नव्या डॉक्टरने पोटावरचे पट्टे बघितले, अंधश्रद्धा म्हणून आरडाओरडा केला आणि स्पिरिटच्या बोळ्याने पुसून टाकले. बाईचं तोंड उतरलं. डाग पुसला, आता काय उपयोग, म्हणून ती पोर उचलून घरी चालली होती. मी फाटकात गाठली, हातापाया पडून परत नेली. पोर आता बरं आहे. पण दर वेळी मी फाटकात नसेन. त्या डॉक्टरला तू लिही. तो तुझ्या पुस्तकातलं मानतो, माझ्या पट्टीतलं नाही.

भिकन


पुणे
२ जानेवारी १९८७

प्रिय भिकन,

डॉक्टरला लिहिलं. त्याला म्हटलं, ज्या पोराच्या पोटावर ओली पिवळी हळद असेल ते पोर बाकी सगळ्यांच्या आधी तपासा, आणि हळदीला हात लावू नका. पोराला कुणीतरी जाणत्याने बघून तुमच्याकडे पाठवलं आहे, असा तिचा अर्थ घ्या. त्याने उत्तरात विचारलं, शास्त्रात याला आधार काय? मी कळवलं, आधार पिंपळनेरला ओट्यावर बसतो, जाऊन भेटा. तो गेला असेल तर फुईने त्याला काय खायला घातलं ते कळव.

माझ्या अहवालात मी हळदीच्या डागावर एक परिच्छेद लिहिला आहे. वरच्यांनी तो गाळायला सांगितला. मी गाळला नाही.

आज पेटीवर हात टेकून खूप वेळ उभा होतो. फुईने माझ्यासाठी तिची आयुष्यभराची विद्या थंड केली भिकन. हे माझ्याकडून झालं नसतं. उद्या कुणी मला म्हणालं, तुझ्या थाळ्या चुकीच्या होत्या, तर मी भांडत बसेन.

शालिग्राम


पिंपळनेर
३० सप्टेंबर १९९४

प्रिय शालिग्राम,

तू जळगावला पिंप्राळ्यात घर बांधलंस तेव्हा वाटलं, आता सुखाने आंब्याची झाडं लावशील. तिथल्या पत्त्यावर पाठवलेलं पत्र परत आलं, आणि माहेरी गेलेल्या पुष्पावहिनींच्या तारेवरून कळलं की तू नवापूरला सुरतेकडून येणाऱ्या गाड्या तपासत आहेस. इथे सगळा गाव तोंडाला रुमाल बांधून फिरतो आहे. सुरतेच्या कारखान्यांतली आपली पोरं रातोरात घरी आली. कुणी शिंकलं की ओटा रिकामा होतो. प्लेगच्या गोळ्या दुकानातून संपल्या. ज्यांना काही झालेलं नाही त्यांनीच खाल्ल्या.

आईला प्लेग नाही, घाबरू नकोस. पावसाळ्यात पडली तेव्हापासून खाटेवर आहे आणि आता उठेल असं वाटत नाही. तू इतक्या जवळ आहेस हे तिला सांगितलं. तू या घरात का येत नाहीस हेही सांगितलं, की दिवसभर संशयित रोगी हाताळणाऱ्याने म्हाताऱ्या माणसाजवळ जायचं नसतं. तिने मान हलवली. तिला ते लगेच पटलं.

हल्ली तिला एकच गोष्ट खाते आहे. आधी डाग म्हणजे पोराचा जीव, असं होतं, तेव्हा पोर रडलं तरी तिला काही वाटायचं नाही. आता डागाने काही झालं नाही हे तिला पटलं आहे, मग उरलं ते फक्त रडणं. काल म्हणाली, "शालिग्रामले इचार. तवय तुले दुखनं व्हई ना रे?" मी म्हटलं, आई, पन्नास वर्षं झाली. म्हणाली, "इचार."

विचारलं. आता तू उत्तर दे.

भिकन


नवापूर
६ ऑक्टोबर १९९४

तीर्थरूप फुई,

इथे रस्त्याकडेला तंबू आहे आणि टेबलाऐवजी खोका. त्यावर हे लिहितो आहे. मघाशी एक गाडी आली. एका बाईने तान्हं पोर उभं धरून ठेवलं होतं, खांद्यावर. मी तिला तपासायला आडवं कर म्हणणारच होतो, पण तसंच उभ्याने तपासलं.

तू विचारलंस, दुखलं का. मला आठवत नाही असं म्हणून सुटता येईल. पण तुझ्याशी खरं बोलायची आता सवय झाली आहे. दुखलं असणार फुई. ज्या पोरांना डाग दिलेले मी पाहिले त्या सगळ्यांना दुखत होतं. मीही वेगळा नव्हतो.

पण रडत रडत मी ज्या खांद्यावर डोकं टाकलं तो खांदाही तुझाच होता. डाग मला आठवत नाही. खांदा आठवतो. दुधाचा आणि गाईच्या अंगाचा वास आठवतो. एवढ्या लहान पोराला काही आठवणं शक्य नाही, असं शास्त्र सांगतं. आयुष्यभर मी लोकांना शास्त्राचं ऐका म्हणून सांगत आलो. या एका गोष्टीत मी ऐकणार नाही.

पोटावरचे ते डाग माझ्याबरोबर मोठे झाले आहेत. आंघोळीला बसलो की रोज दिसतात. मला ते बघून दुखणं आठवत नाही. मला तू आठवतेस. गाड्या थांबल्या की पहिला तुझ्याकडे येतो.

तुझा
शालिग्राम


पिंपळनेर
१० ऑक्टोबर १९९४

प्रिय शालिग्राम,

तुझं पत्र वाचून दाखवलं. "दुखलं असणार," इथे तिने डोळे मिटले. मला वाटलं, इथेच थांबावं. पण एक अक्षर गाळायचं नाही ही तुझी जुनी अट, म्हणून पुढे वाचलं. खांद्याचं आलं तेव्हा तिने बोट वर केलं. मी थांबलो. "परत वाच," म्हणाली. परत वाचलं. मग म्हणाली, "खरं बोलना. दुखनं आसंच सांगं त्यानी." आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिने पोटभर पेज घेतली.

मग मला सहाण आणायला लावली. हातात जोर नाही, म्हणून हळकुंड मी उगाळलं. तिने बोट बुडवलं आणि म्हणाली, "कागद धर." खाली जो पिवळा पट्टा दिसतो आहे तो तिचा आहे. दुसरा ओढायला हात उचलला नाही. पट्टा जरा पसरला आहे, पण पुसू नकोस.

मी विचारलं, हा कशाला? म्हणाली, "तो रोगी मानसेसमा बठेल शे. त्याले डाग नको का?" नियम तुला माहीत आहे. आज दवाखान्यात दाखवला नाही तर लागू होत नाही.

लवकर ये. तिच्याजवळ फार वेळ नाही.

भिकन


नवापूर
१४ ऑक्टोबर १९९४

प्रिय भिकन,

पत्र दुपारी मिळालं. आमच्या तंबूत एक तरुण डॉक्टर आहे. त्याच्यासमोर उभा राहिलो, सदरा वर केला आणि तुझा कागद पोटावर त्या जुन्या डागांवर धरला. तो घाबरला. म्हणाला, सर, हे काय? मी म्हटलं, काही करू नका, नुसतं बघा.

उद्या आमची तुकडी उठते. माझी तपासणी झाली, मी निरोगी आहे. मी सकाळच्या एसटीने निघतो, ही चिठ्ठी आजच्याच शेवटच्या गाडीच्या कंडक्टरबरोबर पाठवतो आहे. मी येईपर्यंत न थांबता फुईला आत्ताच जाऊन सांग. सांग, शालिग्रामने डाग दवाखान्यात दाखवला.